सोलापूर, येनान आणि वेदनेवरची सुई

भारतातील ॲक्युपंक्चरचा इतिहास १ सप्टेंबर १९३८ या दिवसापासून सांगायला हवा. त्या दिवशी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही आगबोट चीनकडे निघाली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. अलाहाबादचे मदनमोहन अटल, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. सुया टोचून दुखणे शमवण्याची चिनी विद्या शिकावी, म्हणून यांतला एकही जण निघाला नव्हता. जपानी बाँबहल्ल्यांत जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणे एवढेच काम समोर होते. तरीही याच पाचांपैकी एकाने वीस वर्षांनंतर ती विद्या भारतात आणली आणि तिच्या प्रसाराला आपल्या मृत सहकाऱ्याचे नाव दिले. ते नाव सोलापूरच्या कोटणिसांचे.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्या वेळचे सोलापूर गिरण्यांचे गाव होते. भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर घरी यायचे. द्वारकानाथांचे वडीलही गिरणीतच नोकरीला होते. ऐन विशीत या तरुणाने आपल्या गावाचा मोठा पराक्रम आणि मोठी शिक्षा दोन्ही पाहिली. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजी अंमल काही दिवस झुगारून दिला, त्यावर सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिले. परक्या देशाच्या लढ्यासाठी घर सोडणाऱ्या डॉक्टरच्या निर्णयामागे या वातावरणाचा काहीच वाटा नसेल, असे मानणे कठीण आहे. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढच्या पदवीची तयारी चालू असतानाच काँग्रेसचे आवाहन आले.

आवाहनामागे चिनी सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंना लिहिलेले पत्र होते. जपानने १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले होते, आणि चिनी फौजांकडे ना पुरेसे शल्यचिकित्सक होते, ना औषधे. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशभर निधी गोळा करायला सांगितले. सुमारे २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाला पाठवलेली ही मदत होती. सप्टेंबरच्या मध्यावर पथक कँटनला पोहोचले. तिथून हांकौ, यिचांग, चुंगकिंग अशी मजल दरमजल करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या डोंगराळ तळावर आले. वडिलांच्या निधनाची बातमी कोटणिसांना चीनमध्येच कळली. ते परत फिरले नाहीत.

अटल, चोळकर आणि मुखर्जी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मात्र आघाडीवर राहिले. १९४० च्या एका लढाईत कोटणिसांनी जवळजवळ ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन वारले होते. चिनी सहकारी कोटणिसांना ‘के दीहुआ’ म्हणत. नावाच्या शेवटचे ‘हुआ’ म्हणजे चीन. परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोटणिसांचे नाव भारतात अनेक ॲक्युपंक्चर संस्थांना दिलेले असल्यामुळे ही विद्या त्यांनीच शिकून आणली, असा समज पसरलेला आहे. तो खरा नाही. कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि त्यांची कीर्ती शस्त्रक्रियेची व शिकवण्याची आहे. चिनी लष्करी डॉक्टरांनी सुईकडे गांभीर्याने वळायला सुरुवात केली तीच मुळी त्यांच्या मृत्यूनंतर.

त्याआधी या विद्येचे चीनमध्येच हाल चालले होते. दोन हजार वर्षांची परंपरा असूनही १८२२ मध्ये सम्राटाच्या हुकमाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चरचा विभाग बंद झाला होता. १९२९ मध्ये तर पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या चिनी डॉक्टरांनीच पारंपरिक वैद्यकावर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. गावोगावचे वैद्य सुया वापरत राहिले, पण शिकलेल्या वर्गाच्या लेखी ती जुनाट समजूत होती. युद्धाने हे चित्र बदलले. जपान्यांच्या नाकेबंदीमुळे येनानमध्ये औषधे मिळेनाशी झाली. सुया मात्र लोहारालाही करता येत. १९४४ मध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांनी देशी वैद्यांशी हात मिळवावा, असे आवाहन माओ त्से तुंग यांनी केले. एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात रन त्स्वो-त्येन या वैद्यांच्या देखरेखीखाली ॲक्युपंक्चरचा दवाखाना उघडला. त्यांच्याकडून शिकलेल्या जू ल्येन या महिला डॉक्टरने १९५१ मध्ये ‘नवे ॲक्युपंक्चर’ हे पुस्तक लिहिले. त्यात ‘ची’ नावाच्या ऊर्जेऐवजी मज्जासंस्थेची भाषा होती. सुई टोचल्यावर जे घडते ते चेतातंतूंमार्फत घडते, हा तिचा विचार पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया ठरला. या बाईचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हे अन्यायाचे आहे.

विजयकुमार बसू १९४३ मध्ये भारतात परतले होते, म्हणजे येनानचा तो दवाखाना त्यांनी पाहिला नव्हता. १९५८ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी सुयांनी उपचार सुरू केले. भारतातली ही पहिली पद्धतशीर सुरुवात. १९६२ च्या युद्धानंतर चीनचे नाव घेणेही अवघड झाले, तरी बसूंनी काम सोडले नाही. सत्तरच्या दशकात कोटणीस स्मृती समितीच्या कामाला त्यांनी पुन्हा गती दिली. कार्यकर्ते ॲक्युपंक्चर शिकून गरीब वस्त्यांत आणि खेड्यांत दवाखाने चालवू लागले. पंजाबातल्या लुधियानातही कोटणिसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय उभे राहिले. बसू १९८६ मध्ये वारले. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या उपचारासाठी देशातला पहिला कायदा केला, त्यामागे बसूंनी तीन दशके घडवलेली माणसे होती.

दरम्यान सुईने दुखणे का थांबते, या प्रश्नाला चीनमध्येच उत्तर मिळू लागले होते. १९५८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी टॉन्सिलची शस्त्रक्रिया केवळ सुयांच्या आधाराने केली आणि ‘ॲक्युपंक्चर भूल’ हा शब्द जन्माला आला. या भुलीबद्दल पुढे बरेच अतिरंजित दावे झाले. अनेक शस्त्रक्रियांत सुयांबरोबर वेदनाशामक औषधेही दिली जात, ही गोष्ट प्रचारात मागे राहिली. पण एका शास्त्रज्ञाला त्यातला प्रश्न खरा वाटला. पेकिंग वैद्यकीय महाविद्यालयातल्या हान ची-शंग यांनी १९६५ मध्ये सुईचा शोध घ्यायला सुरुवात केली. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या ‘हे-गू’ या बिंदूवर त्यांनी निरोगी माणसांना सुई टोचली आणि त्वचा किती वेदना सहन करते ते वेळोवेळी मोजले. सहनशक्ती एकदम वाढली नाही. ती हळूहळू चढत अर्ध्या तासाच्या सुमारास शिखराला पोहोचली आणि सुई काढल्यावर तशीच हळूहळू उतरली. उतरण्याचा वेग असा की दर १६ मिनिटांनी परिणाम निम्मा होई. बिंदूखालचा भाग आधी प्रोकेनने बधिर केला, तर मात्र काहीच घडत नसे.

या दोन निरीक्षणांत सगळी दिशा सामावलेली होती. बधिर केल्यावर परिणाम नाहीसा होतो, म्हणजे सुईचा संदेश चेतातंतूंतून जातो. परिणाम सावकाश चढतो आणि उतरतो, म्हणजे केवळ विजेसारखा संदेश नाही, एखादे रसायन स्रवते आणि हळूहळू विरते. हान यांच्या गटाने मग सशांवर प्रयोग केला. सुई दिलेल्या सशाच्या मेंदूच्या पोकळीतले द्रव काढून दुसऱ्या, सुई न दिलेल्या सशाच्या मेंदूत सोडले. दुसऱ्या सशाचीही वेदना सहन करण्याची शक्ती वाढली. आराम देणारे काहीतरी त्या द्रवात होते.

ते काय, हे पश्चिमेत कळत गेले. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूचे रिसेप्टर असल्याचे दाखवले. माणसाच्या मेंदूत अफूसाठी जागा असेल, तर शरीर स्वतःची अफूही बनवत असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन शहरात जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी ती शोधून काढली, तिचे नाव एन्केफॅलिन. पाठोपाठ एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन सापडले. अफूचा अंमल उतरवणारे नॅलॉक्सोन हे औषध याच रिसेप्टरांची वाट अडवते. टोरांटोत ब्रूस पॉमरन्झ यांनी १९७६ मध्ये उंदरांना, आणि अमेरिकेत डेव्हिड मेयर यांच्या गटाने १९७७ मध्ये माणसांना सुया दिल्यानंतर नॅलॉक्सोन टोचून पाहिले. आराम नाहीसा झाला. सुई मेंदूतली अफू जागी करते, याचा हा पहिला भक्कम पुरावा. सगळ्याच प्रयोगांत असा स्पष्ट निकाल आला नाही, हेही नमूद करायला हवे.

हान यांनी पुढची पायरी गाठली. सुईला सौम्य वीजप्रवाह जोडला, तर त्याच्या स्पंदनांच्या गतीप्रमाणे वेगळे रसायन स्रवते, असे त्यांना दिसले. सेकंदाला २ स्पंदनांवर एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन, १०० वर डायनॉर्फिन. दोन्ही गती आलटून पालटून दिल्यास तिन्ही. त्वचेवर नुसत्या विद्युतपट्ट्या चिकटवूनही बराचसा हाच परिणाम मिळाला. म्हणजे जादू धातूच्या सुईत नाही, चेतातंतूंना मिळणाऱ्या ठराविक उत्तेजनात आहे. फिजिओथेरपी केंद्रांत दुखऱ्या पाठीवर लावले जाणारे छोटे विद्युतयंत्रही चेतातंतूंना असेच उत्तेजन देते.

हे सगळे निरोगी शरीराला क्षणभर दिलेल्या वेदनेबद्दल झाले. सोलापूरच्या यंत्रमागावर उभे राहणाऱ्या कामगाराचा सुजलेला गुडघा, किंवा तासन्‌तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईची ठणकणारी बोटे यांची गोष्ट निराळी आहे. अशा दुखण्यात पुष्कळदा दाह असतो. इजा झालेल्या किंवा झिजलेल्या ऊतीत पांढऱ्या पेशी जमतात आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन आणि सायटोकाइन गटातली रसायने तयार होतात. या रसायनांमुळे तिथले चेतातंतू इतके हळवे होतात की एरवी जाणवणारही नाही असा स्पर्श टोचू लागतो. संदेशांचा हा मारा मज्जारज्जूत पोहोचला की तिथल्या चेतापेशी आणि त्यांच्याभोवतीच्या ग्लिया पेशीही चेकाळतात. मग मूळ सूज थोडी उतरली तरी वेदना चढीच राहते. जुने संधिवाती दुखणे हट्टी का असते, ते यावरून कळते.

दाहाच्या वेदनेवर सुई काय करते, हे पाहण्यासाठी उंदराच्या पंजात मृत जीवाणूंचे तेलात मिसळलेले मिश्रण टोचतात. पंजा सुजतो आणि कित्येक दिवस दुखत राहतो. मेरिलँड विद्यापीठात लिशिंग लाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांना मागच्या पायावरील बिंदूंवर सेकंदाला १० स्पंदनांची विद्युतसुई दिली. वेदना कमी झाली, आणि मज्जारज्जूतील अफू-रिसेप्टर औषधाने अडवले की तो आरामही गेला. या आणि अशा कामांतून जो नकाशा तयार झाला तो असा. सुईचा संदेश मज्जारज्जूतून वर चढतो, हायपोथॅलॅमस आणि मध्यमेंदूतल्या करड्या भागापर्यंत जातो. तिथे एंडॉर्फिनची साखळी सुरू होते. तिथून उलट दिशेने, मेंदूच्या बुंध्यातून खाली मज्जारज्जूकडे, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन घेऊन दुसरे संदेश उतरतात आणि दुखण्याची बातमी वर नेणाऱ्या पेशींना गप्प करतात. चेकाळलेल्या ग्लिया पेशीही शांत होतात. ज्या नाडीतून वेदना वर जाते, तिच्यावर मेंदू वरूनच हात ठेवतो, असे म्हणता येईल.

सुजेचे काय, हा प्रश्न वेगळा निघाला, आणि या शोधकथेतला हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. त्याच गटाने उंदरांच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी काढून पुन्हा सुया दिल्या. आता सूज उतरेना, पण वेदना मात्र पूर्वीसारखीच कमी झाली. म्हणजे सुईचे दोन रस्ते आहेत. वेदनेचा रस्ता मेंदू आणि मज्जारज्जूतून, तर सुजेचा रस्ता अधिवृक्क ग्रंथींच्या स्टिरॉइड संप्रेरकातून. २०२१ मध्ये अमेरिकेत च्यिऊफू मा यांच्या गटाने याच्या एका अंगावर लख्ख प्रकाश टाकला. गुडघ्याखालच्या ‘त्सु-सान-ली’ या बिंदूजवळ सौम्य वीज दिली की उंदराच्या व्हेगस चेतेमार्फत अधिवृक्क ग्रंथी जागी होते आणि दाह घटतो. पोटावर तेवढीच वीज देऊन हे घडत नाही. फरक पडतो तो तिथल्या एका विशिष्ट जातीच्या चेतातंतूंमुळे. ते पायात असतात, पोटाच्या त्या भागात नसतात. टोचण्याची जागा का महत्त्वाची, या जुन्या प्रश्नाला प्रथमच शरीररचनेच्या भाषेत उत्तर मिळाले.

मेंदूपर्यंत न जाताही काही घडते. २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पायात सुई फिरवल्यावर त्याच जागी ॲडेनोसिन हे रसायन अनेक पटींनी वाढलेले आढळले. ते जवळच्या वेदनातंतूंना थेट मंदावते. ज्या उंदरांत ॲडेनोसिनचा रिसेप्टर जन्मतःच नव्हता, त्यांना सुईचा उपयोग झाला नाही.

एवढे सगळे असूनही माणसांवरचे निकाल उंदरांइतके स्वच्छ नाहीत. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या बिंदूंवर खोल सुया दिलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना फरक पडला. सुई नेहमीच्या उपचारापेक्षा बरीच सरस, पण खरी सुई खोट्या सुईपेक्षा जेमतेम पुढे. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाताच्या दुखण्यावर दाखवले होते की नुसत्या विश्वासाने मिळणारा आरामसुद्धा नॅलॉक्सोन अडवते. म्हणजे विश्वासही तीच अफू वापरतो. त्यामुळे माणसाच्या बाबतीत सुईचा किती आणि श्रद्धेचा किती, हे वेगळे काढणे फार अवघड आहे. २०१२ मध्ये १७ हजार ९२२ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्यावर खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, पण फरक माफकच निघाला.

यातून रुग्णासाठी निघणारा निर्णय सरळ आहे. जुन्या गुडघेदुखीत, पाठदुखीत, डोकेदुखीत सुई वेदना कमी करू शकते, गोळ्यांचे प्रमाण उतरवू शकते. सांध्याची झीज ती भरून काढत नाही, आणि आमवातासारख्या आजारात तज्ज्ञाने दिलेली औषधे बंद करून केवळ सुयांवर राहणे म्हणजे सांधे गमावणे. सुई एकदाच वापरून टाकायची असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे लागते. छातीवर खोल टोचलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. म्हणून टोचणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

नोंदणीची सोय महाराष्ट्रात उशिरा झाली. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तिला स्वतंत्र स्थान दिले. महाराष्ट्राने यासाठीचा कायदा २०१५ च्या नावाने केला, बंगालनंतर जवळजवळ दोन दशकांनी. ज्या राज्याचा मुलगा या कथेच्या मुळाशी आहे, त्या राज्याला एवढा वेळ लागायला नको होता.

कोटणिसांची समाधी हेबै प्रांतातल्या शिजियाझुआंगच्या शहीद स्मारकात, बेथून यांच्या सोबतीने आहे. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या आणि अनेकदा भारतात आल्या. सोलापुरात भैय्या चौकाजवळचे कोटणिसांचे जन्मघर महापालिकेने स्मारक म्हणून जपले असून ते २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.